घाटातले वळण तेच, वेगही तोच. मग पावसात गाडी का घसरते?

उन्हाळ्यात ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाटातले जे वळण गाडी सहज घेते, त्याच वळणावर पावसाळ्यात ती त्याच वेगाने घसरू शकते. गाडी तीच, चालकही तोच. मग बदलते काय? उत्तर शाळेत शिकलेल्या अभिकेंद्री बलात आहे.

धावत्या गाडीची प्रवृत्ती सरळ जाण्याची असते. तिला वळवायचे तर वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. सपाट रस्त्यावर ते टायर आणि डांबर यांच्यातील घर्षणातून मिळते.

बल किती लागते?

सूत्र सोपे आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले वळणाची त्रिज्या. समजा, प्रवाशांसह गाडी १२०० किलोची आणि वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर.

१२०० × १० × १० ÷ ५० = २४०० न्यूटन.

वेग ताशी ७२ किमी केला, की हेच बल ९६०० न्यूटन होते. वेग दुप्पट, बल चौपट!

रस्ता किती देतो?

कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ धरला, तर ०.७ × १२०० × ९.८, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ८२३० न्यूटन बल मिळते. ओल्या रस्त्यावर तो ०.४ धरला, तर फक्त ४७०० न्यूटन.

ताशी ६० किमी वेगाने हे वळण घ्यायला सुमारे ६६७० न्यूटन लागतात. कोरड्या रस्त्यावर निभावते. ओल्या रस्त्यावर जवळपास २००० न्यूटन कमी पडतात आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ लागते. तिला कुणी बाहेर फेकत नाही. आत ओढणारे बलच अपुरे पडते.

जड गाडी सुरक्षित?

नाही. वजन वाढले की घर्षण वाढते, पण लागणारे बलही तेवढेच वाढते. त्यामुळे या गणितातून वस्तुमान निघून जाते. या वळणावर वेगाची मर्यादा कोरड्यात ताशी सुमारे ६६ किमी, तर ओल्यात ५० किमी येते. टायर गुळगुळीत असतील किंवा रस्त्यावर चिखल, तेल असेल तर त्याहूनही कमी.

ब्रेकही हेच घर्षण वापरतो. वळणात ब्रेक दाबला, की वळण्यासाठी उरणारे घर्षण घटते. म्हणूनच वेग कमी करायचा तो वळणात शिरण्याआधी.