पोळ्याच्या दिवशी मी फिलिपिन्समध्ये होतो



रोवणी आटोपली आहे, पोळा आठ दिवसांवर आला आहे, अशा वेळी कोणी तुम्हाला समुद्रापलीकडे जा म्हटले तर? २०१६ च्या ऑगस्टअखेर माझ्यावर ती वेळ आली. धानाच्या प्रशिक्षणासाठी पंधरा दिवस फिलिपिन्सला जायचे होते. मनिलापासून साठेक किलोमीटरवर लॉस बॅन्योस हे गाव आहे. १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था तिथेच आहे. १९६६ साली आलेले आय. आर. ८ हे बुटके वाण तिचेच. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना त्याचे नाव नक्की आठवेल.

गेलो तेव्हा छाती फुगली होती. तिसऱ्या दिवशी मात्र घास उतरेना. खरे सांगायचे तर परकेपणाने नव्हे, सारखेपणाने जीव कासावीस झाला. खिडकीबाहेर तीच चिखलणी, तेच पऱ्हे, तोच पाऊस. आपल्याकडे हल्यांची जोडी जुंपतात, तिकडे एकटाच रेडा नांगर ओढतो, एवढाच फरक. सगळे सालेकसासारखे, फक्त आपले माणूस कोठे दिसेना. वाळवंटात गेलो असतो तर घर इतके आठवले नसते. भात तीन वेळा मिळे, पण वरण नाही. भाजीला फोडणीऐवजी आंबट सिरक्याचा वास.

संस्थेतल्या शेतावर एक वयस्क मजूर होते. मला रोज पाहताच ते विचारत, "कुमाइन का ना?" मला वाटले, नाव विचारतात. नंतर कळले, त्याचा अर्थ "जेवलास का?" आपल्याकडेही वाटेत भेटलेल्या माणसाला आपण दुसरे काय विचारतो? त्यांच्याकडूनच मी तीन शब्द शिकलो. शेतातले ते पालाय, कांडलेले ते बिगास आणि ताटातले ते कानिन. आपले धान, तांदूळ आणि भात! पुण्याकडचा पाहुणा बांधीतल्या उभ्या पिकालाही भातच म्हणतो, त्याला आपण हसतो. हे फिलिपिनो म्हातारेबाबा आपल्या ओसरीवर बसले असते तर तेही हसले असते.

एकदा त्यांनी घरी नेले. नातवंडे धावत आली. त्यांनी माझा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना नमस्कार करण्याची ती त्यांची रीत, मानो म्हणतात. केळीच्या पानावर भात, तळलेली मासळी आणि नारळ घालून पानात शिजवलेला चिकट तांदूळ वाढला. हातानेच जेवलो. त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवलो.

पोळ्याच्या संध्याकाळी दादाचा फोन आला. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. इथे आखरावर तोरणाखाली बैल उभे, तिकडे अंधार पडलेला. दादा काही बोलला नाही, त्याने फोन बैलाच्या घुंगरमाळेजवळ धरला. मागून झडत्या ऐकू येत होत्या. पोळा फुटला आणि मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस खोलीचे दार लावून रडलो.

दुसऱ्या दिवशी म्हातारेबाबांना पोळा सांगितला. त्यांना फार नवल वाटले नाही. बुलाकान प्रांतातल्या पुलिलान गावी मे महिन्यात रेडे धुऊन, सजवून मिरवतात आणि शेतकऱ्यांचे संत इसिद्रो यांच्या चर्चपुढे त्यांना गुडघे टेकायला लावतात, असे त्यांनी अभिनय करून दाखवले. गुडघे टेकणाऱ्या रेड्याची ती नक्कल पाहून मी पोट धरून हसलो.

शेवटच्या आठवड्यात संस्थेची बियाण्यांची पेढी पाहिली. उणे २० अंशांच्या थंडीत जगभरच्या धानाचे १ लाख ३० हजारांहून जास्त नमुने तिथे जपले आहेत. दाखवणाऱ्या बाईंनी विचारले, "तुमच्याकडचा सर्वांत चवदार तांदूळ कोणता?" मी चटकन म्हणालो, "चिन्नोर." म्हणालो खरा, पण मान खाली गेली. तो उंच वाढतो, लोळतो, उतारा कमी देतो, तेव्हा सोडा, असे वीसेक वर्षे तुमच्या बांधावर उभा राहून मीच सांगत आलो होतो. आणि परमुलखात पंधरा दिवस नाकात वास घुमत होता तो त्याचाच.

परतल्यावर शेजारच्या गावातल्या एका आजीकडून पायलीभर चिन्नोर मागून आणले. पुढच्या पावसाळ्यात दादाच्या एका बांधीत लावले. लोळलेच. दादा अजून कुरकुरतो, पण निसवताना त्या बांधावरून जाताना त्याची पावले मंद होतात, हे मी पाहिले आहे. कोणाला बियाणे हवे असेल तर मळणीनंतर यावे. पोळ्याला आलात तर पुरणपोळी मिळेल, बियाणे नाही.