मापी शेर, वजनी शेर

पेणच्या आमच्या घरी माळ्यावर जुनी पायली आहे. आजी तिने तांदूळ मोजून द्यायची. कोणी ‘शेरभर द्या’ म्हणालं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे : मापी शेर की वजनी? चार मापी शेरांची पायली, चाळीस वजनी शेरांचा मण. नाव एकच, पण एक शेर जागा मोजतो, दुसरा भार. तांदळाची पायली आणि पोह्यांची पायली डोळ्यांना सारखीच भरते, काट्यावर मात्र पोहे कितीतरी हलके. घनता हा शब्द आजीने ऐकलेला नव्हता, पण ती गोष्ट तिच्या हाताला पक्की ठाऊक होती.

मी मात्र ती विसरलो. तेव्हा मी पेणहून रोह्याला जाऊन-येऊन धाटावच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनची ड्रॉइंग काढत असे. एका कारखान्याला दहा टन टोल्युइन साठवायला उभी टाकी हवी होती, व्यास २ मीटर. मी दहा टन म्हणजे दहा हजार लिटर धरले. पाण्याला हे चालतं. टोल्युइन पाण्याहून हलकं, एका लिटरचं वजन साधारण ०.८७ किलो. माझ्या हिशेबाने उंची आली ३.१८ मीटर; वर मोकळी जागा म्हणून थोडी वाढवून मी टाकी साडेतीन मीटरची केली. पहिला टँकर रिकामा करताना लेव्हल ग्लासवर नजर ठेवणाऱ्या ऑपरेटरने वेळेत व्हॉल्व्ह बंद केला. टाकी वरपर्यंत आली होती आणि टँकरमध्ये माल शिल्लक होता. त्याचं लक्ष नसतं तर ते ज्वलनशील द्रव जमिनीवर वाहिलं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरं गणित चार ओळींचं आहे. १०,००० किलो भागिले ८७० किलो प्रति घनमीटर. किलोला किलो कटतो, खाली घनमीटर उरतो : ११.४९. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. घनमीटरला चौरस मीटरने भागलं की मीटर उरतो : ३.६६. मोकळी जागा त्याच्याही वर. मी एककं लिहिली असती, तर किलोंना कशानेच न भागता घनमीटर कुठून आले, हे कागदानेच मला विचारलं असतं.

एका मीटरचे १०० सेंटिमीटर, म्हणून एका घनमीटरचेही १०० घनसेंटिमीटर, असं मी आता शिकवतो त्या नव्या मुलांच्या हातून होतं. खरे असतात १० लाख. पण या चुकीची मला तितकी धास्ती नाही. टाकीची उंची दोन सेंटिमीटर आली, तर कोणीही थबकतो. दहा हजारपट चूक स्वतःच बोभाटा करते. दहा-पंधरा टक्क्यांची चूक ड्रॉइंगमध्ये सभ्यपणे बसून राहते आणि त्याच मापाने पत्रा कापला जातो.

साइटवर सळी सुतात सांगतात. इंचाचे आठ सूत, म्हणून चार सुती म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. दुकानात चार सुती मागितली, की मिळते १२ मिलिमीटरची. सळीचं वजन काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं : व्यासाचा वर्ग भागिले १६२. हा १६२ कुठून आला, हे फार थोडे सांगू शकतात. पोलादाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळातला पाय त्यात मुरलेले आहेत. म्हणूनच व्यास मिलिमीटरमध्येच घालायचा, उत्तर किलो प्रति मीटर येतं. १२ला ०.८९, १२.७ला जवळजवळ १. फरक १२ टक्के! वजनावरून सळीची लांबी काढणारा इथेच फसतो.

रेती-खडीच्या ब्रासचंही तसंच. खडीचा ब्रास १०० घनफूट, प्लास्टरचा ब्रास १०० चौरस फूट. आजीचा शेरच पुन्हा.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाच्या बाबतीत एककांची अशीच गफलत घडली. इंधनमापक बंद होते, म्हणून टाक्यांमधलं इंधन लिटरमध्ये मोजून त्याचं वजन काढलं. हवे होते २२,३०० किलो. गुणायला हवं होतं साधारण ०.८ने, किलो प्रति लिटर. गुणलं १.७७ने, तो आकडा पौंड प्रति लिटरचा होता. देश तेव्हा मेट्रिककडे वळत होता, जुना आकडा सवयीने आला. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं आणि आकाशात दोन्ही इंजिनं थांबली. वैमानिकांनी ते तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. सव्वादोनपटीची चूक कित्येकांच्या हाताखालून गेली, कारण आकडा दिसायला बरा होता.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मी विद्यार्थ्यांना मुद्दाम नेतो. एक फुटाची भरीव शाडूची मूर्ती दाखवून विचारतो, हीच दोन फुटांची केली तर माती किती? बहुतेक जण दुप्पट म्हणतात. उंची, रुंदी, जाडी तिन्ही दुप्पट झाल्या, म्हणजे माती आठपट. मग त्यांना आठ गोळे एकाशेजारी एक ठेवायला लावतो आणि ते सगळे मिळून एका मूर्तीत जातील, यावर मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत.

परवा एकाने वहीत लिहिलं, ‘जाडी ६’. मी विचारलं, सहा काय? ‘मिलिमीटर, सर.’ ते त्याने माझ्यासमोर लिहिलं, मगच मी पुढची ओळ वाचली.