ओढ सोसणारा सांधा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीजवळच्या एका बोळात मिस्त्रींचं दुकान आहे. दारात प्लायवूड आणि लॅमिनेटच्या पट्ट्या; रोजचं पोट त्यावरच. आत बाकावर मात्र जुन्या सागवानाची फळी आवळलेली होती. गुजरीतल्या एका पेढीच्या मेजाला नवा खण हवा होता, आणि मिस्त्री त्याला डव्हटेल कापत होते.

खण रोज पुढूनच ओढला जातो. दर्शनी फळीतून बाजूच्या फळीच्या टोकात मारलेला खिळा रेशांना समांतर शिरतो, त्याची पकड मुळातच कमी. फेव्हिकॉलही लाकडाच्या आडव्या छेदावर नीट धरत नाही. डव्हटेलमध्ये बाजूच्या फळीचं टोक शेपटीसारखं रुंद होत जातं, त्यामुळे कितीही ओढलं तरी ते खाचेतून सरळ बाहेर येऊच शकत नाही. तुतनखामेनच्या थडग्यातल्या लाकूडसामानातही हा सांधा सापडतो.

उतार सागवानाला आठास एक. जास्त दिला तर शेपटीचे कोपरे तुटतात, कमी दिला तर ती निसटते. मिस्त्रींनी गुण्या लावून रेघा मारल्या आणि पातळ करवत हाताखालच्या पोराकडे दिली. पहिल्याच फेरीला ते खेकसले, "टाकायच्या अंगानं चाल की रं, रेघ कशाला खातोयस?" अर्ध्या रेघेचीही तूट इथे भरून निघत नाही; भुसा आणि सरस कोंबून बुजवलेली फट मला तरी सांधा वाटत नाही.

कापलेल्या शेपट्या दर्शनी फळीवर ठेवून त्यांच्याच कडेने सुरीने खुणा केल्या. मोजपट्टी इथे वापरतच नाहीत. ही फळी सहा सूत जाडीची. चार सूत खोल खाच, पुढचं दोन सूत अखंड, म्हणजे समोरून सांधा दिसणार नाही. करवत आरपार नेता येत नाही, म्हणून ती तिरकी धरून कोपऱ्यापर्यंतच चालवतात. उरलेलं सगळं पटाशीचं काम. पहिला घाव रेघेवर कधीच घालत नाहीत. घातला तर पटाशी पाचरीसारखी मागे सरकते आणि रेघ दबते. आधी अलीकडून ढलप्या काढायच्या, मग शेवटची पातळ साल नुसत्या हाताच्या दाबाने. लाकडी हातोड्याने हलके ठोके देत शेपट्या आत गेल्या तेव्हा कडेने कागदही शिरला नसता.

प्लायवूडमध्ये हे जमत नाही, थर सुटतात. तिथे स्क्रू आणि चॅनेल ठीक आहेत. पण अस्सल लाकडाच्या खणाला खिळे ठोकणं मला पटत नाही.

कोल्हापूरच्या पावसात लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. चारही फळ्यांचे रेशे आडवे ठेवल्यामुळे त्या उंचीला एकदमच फुगतात आणि सांध्यावर ताण येत नाही. तळाची फळी मिस्त्री सरस न लावता खोबणीत नुसती सरकवतात. मागची फळी मुद्दाम आखूड ठेवून तळाच्या वरच थांबवलेली असते, म्हणजे तळाला फुगायला मागे जागा राहते.