पहिल्या खेपेत मावेल एवढं

संगणकाच्या लेखी देवनागरीतला ‘क’ ३ बाइटांचा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचे प्रत्येकी आणखी ३. म्हणजे ‘क्षा’ लिहिला की १२ बाइट गेले. इंग्रजीचं अक्षर एका बाइटात भागतं, त्या मानाने आपली लिपी जडच. तरीही हा अख्खा लेख १० किलोबाइटांच्या आसपास भरेल. हा आकडा लक्षात असू द्या.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला एक विलक्षण गोष्ट घडली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. सेकंदाला ३२,००० बिट वाहून नेणारी त्यांच्यातली जोडणी एकाएकी ४० बिटांवर आली. आजच्या हिशोबाने सेकंदाला देवनागरीची धड दोन चिन्हंही नाहीत! तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. वाट तुंबली होती. जाळ्यातून मजकूर सलग जात नाही, त्याची छोटी छोटी पॅकेटं होतात. गर्दीत काही पॅकेटं गळाली. पोच आली नाही म्हणून संगणकांनी ती पुन्हा पाठवली, त्याने गर्दी वाढली, मग आणखी गळाली.

प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसनने मायकेल कॅरेल्सच्या साथीने यावर जो तोडगा काढला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्याचं नाव ‘स्लो स्टार्ट’. अनोळखी वाटेवर आधी मोजकीच पॅकेटं सोडायची. त्यांची पोच आली की दुप्पट, तीही पोचली की त्याच्या दुप्पट. गळती दिसली की हात आखडता घ्यायचा. वर बसून हुकूम देणारं कुणीही नाही. जगातला प्रत्येक संगणक आपापल्यापुरता एवढा संयम पाळतो आणि तेवढ्यावर सगळ्यांची वाट मोकळी राहते. मला तर माणसाने लावलेल्या सर्वांत सुंदर शिस्तींपैकी ही एक वाटते.

पहिल्या खेपेला किती पॅकेटं सोडावीत? २०१३ साली १० हा आकडा सुचवला गेला आणि तोच रुळला. एका पॅकेटात साधारण १,४६० बाइट मजकूर बसतो. म्हणजे पहिल्या खेपेत १४ किलोबाइटांहून किंचित जास्त. हा लेख, जडशीळ जोडाक्षरांसकट, त्यात सहज मावतो.

खेपांचा एवढा हिशोब कशाला, तर प्रकाशामुळे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईहून अमेरिकेचा पूर्व किनारा साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग गेलाच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. कितीही पैसे ओतले तरी प्रकाशाला यापेक्षा घाई करवत नाही. जवळच्या शहरात प्रत ठेवली तर अंतर घटतं, खेपा मात्र तेवढ्याच राहतात. शिवाय मजकुराचं पहिलं पॅकेट निघण्याआधी ओळखपाळख आणि कुलूपकिल्लीची देवाणघेवाण यातच एक-दोन खेपा जातात. पानाने आणखी चार ठिकाणांहून सामान मागवलं, तर प्रत्येक ठिकाणी हा विधी नव्याने.

आज सर्वसाधारण वेबपानाचं वजन २ मेगाबाइटांच्या वर गेलं आहे. म्हणजे जवळजवळ चौदाशे पॅकेटं. १०, २०, ४० असं दुप्पट करत गेलं, तर एकाच जोडणीवर, एकही पॅकेट न गळता, आठवी खेप लागते. घाटाखालच्या एखाद्या वाडीत, सिग्नलची एकच कांडी असताना, पॅकेटं गळतातच. आणि वाचकाला हवा असलेला मजकूर त्यात असतो मूठभर. बाकी चित्रं, जाहिराती, वाचणाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट. त्या नुसत्या उतरून भागत नाही, फोनला त्या वाचून चालवाव्याही लागतात.

आपल्याकडे त्यात फॉन्टची भर. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या असतात, त्यामुळे नुसती फॉन्टची फाइलच कित्येकदा लेखाच्या अनेक पट भरते. बहुतेक फोनांत देवनागरी मुळातच बसवलेली असते. तिलाच हाक मारली, तर एक बाइटही मागवावा लागत नाही.

२००९ साली यूट्यूबमधल्या क्रिस झकारायस या अभियंत्याने व्हिडिओचं पान १.२ मेगाबाइटांवरून ९८ किलोबाइटांवर आणलं. प्रयोग सुरू झाला आणि आकडे उलटेच आले: पान उघडायला लागणारा सरासरी वेळ वाढला होता. कोडं उलगडलं ते नकाशा पाहिल्यावर. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सायबेरियाच्या आडबाजूचे भाग अशा ठिकाणांहून येणारी माणसं एकदम वाढली होती. जुनं पान तिथे उघडायला वीस-वीस मिनिटं लागत, त्यामुळे ती माणसं मोजणीत कधी आलीच नव्हती. हलकं पान त्यांना दोन मिनिटांत मिळू लागलं, आणि ती दोन मिनिटं वाट पाहत थांबली.