भाजीपाल्याचे घरगुती रस : मात्रा आणि परीक्षा

आयुर्वेदांत औषधि देण्याचे जे पांच मूळ प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला मान ‘स्वरसा’चा आहे. ताजी वनस्पति कुटून किंवा यंत्रांत दाबून काढलेला तिचा निव्वळ रस तो स्वरस. त्यानंतर कल्क, काढा, हिम आणि फांट असा क्रम लागतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत हा क्रम दिला असून पुढच्यापेक्षां मागचा प्रकार अधिक बलवान् होय, असें मत तेथें आहे. स्वरस पचावयास जड, म्हणून शार्ङ्गधरानें त्याची मात्रा अर्धें पल, म्हणजे दोन तोळे ठरविली. आजच्या वजनानें ती सुमारें २४ ग्रॅम भरते.

हल्लीं विजेचीं यंत्रें घरोघरीं आलीं आहेत, आणि सकाळीं उपाशीपोटीं पेलाभर हिरवा रस घेण्याची चाल आमच्या परतूरसारख्या तालुक्याच्या गांवींही रुळूं लागली आहे. चाल वाईट नव्हे. रोजची भाजी ही औषधीहून सौम्य, हेंही खरें. तथापि दोन तोळे आणि पेलाभर यांतील अंतर सुज्ञ कुटुंबांनीं ध्यानांत ठेवावें, एवढ्यासाठींच हा लेख.

पहिली गोष्ट अशी कीं, रस म्हणजे भाजी नव्हे. गाळतांना जो चोथा मागें राहतो, त्यांतच कोठा साफ ठेवणारा तंतुमय भाग असतो. प्रौढ माणसाच्या पोटांत दिवसाकाठीं निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या जाव्यात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तें काम रसानें भागत नाहीं. रस भाजीच्या जोडीस असावा, भाजीच्या जागीं नसावा. चोथा मात्र फेंकूं नये. तो थालिपिठाच्या पिठांत मळला असतां थालिपीठ खुसखुशीत होतें आणि कांहीं वायांही जात नाहीं.

कडवटपणाची परीक्षा

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. दुधी, काकडी, दोडका, कोहळा हीं सर्व एकाच कुळांतलीं. या कुळांतील वेली स्वसंरक्षणार्थ कुकुर्बिटॅसिन नांवाचें अत्यंत कडू विष तयार करितात. लागवडीच्या वाणांत तें सहसा नगण्य असतें. परंतु कडक ऊन, पाण्याचा ताण किंवा रानटी वेलीशीं झालेला संकर यांमुळें एखादें फळ कडू निपजतें. बाहेरून तें इतरांसारखेंच तुकतुकीत दिसतें, आणि उकळल्यानेंही तें विष जात नाहीं.

दिल्लीस २०१० सालीं दुधीचा कडू रस प्यालेल्या एका शास्त्रज्ञाचा अंत झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें तज्ज्ञांची समिति नेमून या प्रश्नाचा विचार केला. पुण्यासही २०१८ सालीं दुधीचा रस घेतल्यावर एका स्त्रीचा मृत्यु झाला. समितीचा उपदेश थोडक्यांत असा : रस काढण्यापूर्वीं फळाची लहानशी फोड चाखावी, ती कडू लागल्यास फळ टाकून द्यावें, दुधीच्या रसांत दुसरा कोणताही रस मिसळूं नये, आणि रस घेतल्यावर मळमळ, ओकारी, पोटदुखी किंवा हगवण सुरू होतांच रुग्णालय गांठावें. या विषावर निश्चित असा उतारा नाहीं, म्हणून घरगुती उपायांत वेळ दवडूं नये.

औषध म्हटलें कीं तें कडूच असावयाचें, अशी आपली पिढ्यान्पिढ्यांची समजूत आहे. कडूनिंब आणि कारलें यांनीं ती दृढ केली. त्यामुळें रस कडू लागला तरी घरांतील वडील मंडळी ‘नाक दाबून घे, गुणकारी आहे’ असें सांगतात. दुधीच्या बाबतींत ही समजूत प्राणघातक आहे. आमच्या मराठवाड्यांत चैत्र-वैशाखांत विहिरी आटतात आणि ऊन तळपतें. तेव्हां परसांतील वेलीचें फळ विशेष दक्षतेनें चाखावें.

कांहीं सोप्या कृति

भाजी वाहत्या पाण्यानें धुवावी. पुदिना, कोथिंबीर, पालक यांना तीन-चार पाणी द्यावें. रसांत घालावयाचें पाणी, विशेषतः टँकरचें किंवा विहिरीचें, उकळून गार केलेलें असावें. यंत्र नसल्यास अडत नाहीं; किसणी आणि धुतलेलें पातळ फडकें पुरे. आंबट पदार्थ कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत कळकतो, हें गृहिणींस ठाऊकच आहे. म्हणून कांच किंवा स्टेनलेस पोलादाचें भांडें घ्यावें.

गाजर-टोमॅटो : सहा मध्यम गाजरें किसून, दोन टोमॅटो व बोटाच्या पेराएवढें आलें ठेंचून एकत्र पिळावें. चिमूटभर सैंधव व अर्ध्या लिंबाचा रस घालावा. चार जणांस लहान वाटी वाटी होतो. गाजरांतील पिवळें द्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबर अंगीं लागतें, म्हणून तूप लावलेल्या पोळीसोबत घ्यावा.

काकडी-पुदिना : दोन काकड्या, अर्थात् चाखूनच, किसून पिळाव्या, पुदिन्याचीं आठ-दहा पानें वाटून घालावीं, पातळ ताक व भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळावी. उन्हाळ्यांत दुपारच्या जेवणाआधीं हें पेय फार सुखकर.

कोहळा : कोहळ्याच्या वड्या करतांना कीस पिळून जें पाणी निघतें, तें पुष्कळ घरांत ओतून देतात. कीस चाखून गोडा निघाल्यास त्या पाण्यांत लिंबू व मिरपूड घालून तेंच प्यावें.

कोणीं जपावें

मुतखड्याची प्रवृत्ति असणारांनीं पालक व बीट यांचे कच्चे रस टाळावेत. त्यांत ऑक्झलेट बरेंच असतें. मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं व रक्त पातळ करणारें औषध घेणारांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून हिरवे रस सुरू करूं नयेत. मधुमेह्यांनीं गाजर-बीटाचा रस बेतानेंच घ्यावा. बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर मात्र घाबरण्याचें कारण नाहीं.

रस काढल्याबरोबर प्यावा. ठेवल्यानें त्यांतील ‘क’ जीवनसत्त्व हवेनें कमी होतें व रस बिघडण्याचें भयही राहतें. एकत्र कुटुंबांत म्हातारे, मुलें, आजारी सर्वांच्या हातीं एकाच भांड्यांतला रस जातो. तेव्हां एका कडू फळानें सारें घर आजारी पडूं शकतें. म्हणून जो रस काढील, त्यानेंच प्रत्येक फळाची फोड आधीं जिभेवर ठेवावी, आणि ती कडू लागतांच थुंकून टाकावी. हा नियम पाळला जाईल, तर वाटीभर रस प्यावयास हरकत नाहीं.