हरलं कोण : मी की माझे पत्ते?

मुलांनो, आपल्या कर्जत-खालापूरचा पाऊस कसा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकदा आषाढ लागला की माथेरानचा डोंगर ढगांत बुडून जातो, उल्हास नदी आणि पाताळगंगा फुगतात आणि अंगणातला खेळ घरात येतो. फळीवरचा पत्त्यांचा कॅट खाली उतरतो. मग झब्बू, बदाम सात, नाहीतर चौघं जमलेच तर मेंढीकोट! आणि कुणी हरलं की एक ओरड ठरलेली, "मला पत्तेच वाईट आले!"

आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं मेंढीकोटाचे सलग दोन डाव गमावल्यावर मला विचारलं, "बाई, मी हरले, की माझे पत्ते हरले?" प्रश्न छोटा, पण उत्तर सोपं नाही. जगभरचे पत्ते खेळणारे याच प्रश्नासाठी वह्या भरतात, गणितं मांडतात. ते कसं, हे आज एका विज्ञानकथेतल्या खेळाच्या मदतीनं पाहू या.

कंपनी विरुद्ध रनर

रिचर्ड गारफील्ड नावाचे एक अमेरिकन गणितज्ञ आहेत. 1993 मध्ये त्यांचा 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ आला आणि जगभर गाजला. 1996 मध्ये त्यांनी 'नेटरनर' तयार केला. पुढे 2012 मध्ये तो 'अँड्रॉइड : नेटरनर' या नव्या रूपात आला.

हा खेळ दोघांचा. काळ भविष्यातला. एक जण होतो बलाढ्य कंपनी, दुसरा होतो 'रनर', म्हणजे संगणकाच्या जाळ्यात चोरवाटेनं शिरणारा. कंपनी आपल्या गुप्त योजनांचे पत्ते उपडे ठेवते आणि त्यांच्यापुढे संरक्षणाच्या भिंती उभ्या करते. या भिंतींना म्हणतात 'आइस'. बर्फाशी त्याचा काही संबंध नाही बरं का! कंपनीनं योजना पूर्ण केल्या की तिला गुण, रनरनं त्या पळवल्या की गुण त्याला. आधी 7 गुण करील तो जिंकला.

गंमत म्हणजे दोघांचे नियम सारखे नाहीत. कंपनीला एका पाळीत 3 चाली, रनरला 4. कंपनीचा पत्त्यांचा गठ्ठा संपला आणि तिला पत्ता ओढता आला नाही, तर ती हरते. रनरला इजा झाली की हातातले पत्ते टाकावे लागतात. इजा हातातल्या पत्त्यांपेक्षा जास्त झाली, तर खेळ खलास!

सात गट, सात स्वभाव

कंपनीच्या बाजूला मुख्य गट चार. हास-बायोरॉइड हा यंत्रमानव बनवणारा, काटकसरीनं कामं उरकणारा गट. जिंतेकी सापळे रचण्यात पटाईत. एनबीएनच्या हाती बातम्या आणि दूरदर्शनचं जाळं, त्यामुळे तो रनरचा माग काढतो. वेलँड बांधकामवाला, गडगंज पैसेवाला.

रनरचे मुख्य गट तीन. अॅनार्क मोडतोड करणारे, क्रिमिनल पैशावर डोळा ठेवणारे आणि शेपर म्हणजे खटपट करत नवी नवी साधनं जोडत बसणारे.

वेगवेगळ्या गटांचे पत्ते आपल्या महाराष्ट्राला नवे नाहीत हं! सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आठवा. दहा अवतारांचे 10 गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे 12 पत्ते, एकूण 120 गोल, रंगवलेले पत्ते. निम्म्या गटांत दश्शी मोठी, निम्म्या गटांत एक्का मोठा. पण गंजिफात काय किंवा मेंढीकोटात काय, कॅट एकच असतो आणि तो सगळ्यांत वाटला जातो. नेटरनरमध्ये मात्र आपला कॅट आपणच घरून बांधून न्यायचा. एक गट निवडायचा, साधारणपणे कमीत कमी 45 पत्ते घ्यायचे, एकाच पत्त्याच्या जास्तीत जास्त 3 प्रती. दुसऱ्या गटाचे काही पत्ते उसने घेता येतात, पण उसनवारीला मर्यादा आहे. बहुतेक वेळा ती 15 ठिपक्यांची असते. पत्ता जितका जोरदार, तितके त्याचे ठिपके जास्त. शेजारून वाटीभर साखर आणता येते, पोतं नाही!

आणखी एक मजा सांगते. 2015-16 मध्ये या खेळाचे सहा संच निघाले, त्यांत भविष्यातलं एक भारतीय महानगर होतं. त्याचं नाव 'मुंबाद'. त्यातल्या एका संचाचं नाव 'काळा घोडा' आणि दुसऱ्याचं 'साल्सेट आयलंड', म्हणजे आपली साष्टी. तुम्ही कर्जतहून लोकलनं मुंबईला जाता ना? कळवा सोडल्यावर गाडी खाडी ओलांडून ठाण्याला पोचते, तेव्हा तुम्ही याच साष्टी बेटावर उतरता.

कोणता गट भारी?

हा वाद जगात जिथे जिथे हा खेळ चालतो, तिथे तिथे आहे. पण वादानं उत्तर मिळत नाही, चाचणीनं मिळतं. समजा, तुम्ही जिंतेकी घेतलं, मैत्रिणीनं शेपर घेतलं आणि तुम्ही जिंकलात. आता सांगा, जिंतेकी भारी की तुम्ही भारी? की त्या दिवशी पत्तेच मनासारखे आले? तिन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवायची, तर चार गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, कॅटांची अदलाबदल. डाव संपला की तुमचा कॅट मैत्रिणीकडे आणि तिचा तुमच्याकडे. दोन्ही वेळा जिंतेकीच जिंकलं, तर कॅटाकडे बोट दाखवायला थोडी जागा झाली. दोन्ही वेळा तुम्हीच जिंकलात, तर शाबासकी तुम्हाला. म्हणून तर नेटरनरच्या स्पर्धेत प्रत्येकाला कंपनीचा एक आणि रनरचा एक असे दोन कॅट आणावे लागतात.

दुसरी, एका वेळी एकच बदल. कॅट जमत नाही म्हणून एकदम 10 पत्ते बदलले, तर सुधारणा कुठल्या पत्त्यामुळे झाली ते कसं कळणार? आई आमटीत मीठ कमी पडलं तर मीठच घालते, त्याच वेळी चिंच, गूळ, तिखट सगळं ओतत नाही.

तिसरी, वही. कोण जिंकलं एवढंच लिहू नका. कसं जिंकलं तेही लिहा. गुण पूर्ण झाले, रनर इजेनं बाद झाला, की कंपनीचा गठ्ठा संपला? कॅटाचा दुबळा सांधा तिथे दिसतो.

चौथी आणि सगळ्यांत अवघड गोष्ट, धीर.

चार कंपन्या गुणिले तीन रनर, म्हणजे 12 जोड्या. प्रत्येक जोडीचे अदलाबदल करून दोन डाव धरले, तर 24 डाव. एका डावाला अर्धा ते पाऊण तास लागला, तर झाले 12 ते 18 तास! एकट्यादुकट्याचं काम नव्हे. पण आळीतली आठ मुलं जमली, तर चार ठिकाणी एका वेळी खेळता येतं, प्रत्येक ठिकाणी 6 डाव. पावसाळ्यातले दोन-तीन रविवार पुरतात. विज्ञानातली कामंही अशीच वाटून घेऊन केली जातात.

नाणं काय सांगतं?

तुम्ही म्हणाल, "बाई, इतके डाव कशाला? दहा डाव खेळू. सात जिंकला तो भारी!" थांबा. एक रुपयाचं नाणं घ्या. छापा म्हणजे तुमचा कॅट, काटा म्हणजे मैत्रिणीचा. नाणं कुणाचीच बाजू घेत नाही, म्हणजे दोन्ही कॅट अगदी बरोबरीचे. आता ते 10 वेळा उडवा. छापा किंवा काटा, कुठली तरी एक बाजू 7 किंवा त्याहून जास्त वेळा यायची शक्यता किती असेल? हिशेब केला तर सुमारे 34 टक्के, म्हणजे तिनात एकदा! बरोबरीचे कॅटसुद्धा तिनात एकदा 'सात-तीन' असा किंवा त्याहून मोठा फरक दाखवतात.

20 वेळा उडवा. 14 किंवा जास्त वेळा एकच बाजू येण्याची शक्यता साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. आणि 40 वेळा उडवलं, तर 28 किंवा जास्त वेळा एकच बाजू शंभरात दोनदासुद्धा येत नाही. पाहिलंत? प्रमाण तेच, दहात सात. पण डाव वाढले तसा नशिबाचा हात आखडत गेला. म्हणून 40 डावांतला 28-12 हा निकाल जितका खरा मानावा, तितका 10 डावांतला 7-3 मानू नये.

घरी करून पाहा

नेटरनर घरात नसला तरी कॅट कसा तपासतात, हे तुम्हाला आजच करून पाहता येईल. नेहमीचा 52 पत्त्यांचा कॅट घ्या. त्यातला एक एक्का आणि दुसरे कुठलेही 6 पत्ते बाजूला काढा. मात्र त्या सहांत एक्का नको! उरले 45 पत्ते आणि त्यांत 3 एक्के. नेटरनरच्या कॅटात एका आवडत्या पत्त्याच्या 3 प्रती ठेवतात, तसंच झालं की नाही?

आता नीट पिसा आणि वरचे 5 पत्ते उचला. नेटरनरमध्येही सुरुवातीला 5 पत्तेच मिळतात. एक्का आला? वहीत खूण करा. पत्ते परत घाला, पुन्हा पिसा, पुन्हा उचला. असं 20 वेळा करा. गणित सांगतं, एक्का येण्याची शक्यता साधारण 30 टक्के, म्हणजे 20 पैकी 6 वेळा. तुम्हाला 4 वेळा येईल, कुणाला 8 वेळा. घाबरू नका. वर्गातल्या सगळ्यांच्या खुणा एकत्र करा आणि बघा आकडा कुठे सरकतो ते.

नेटरनरमध्ये पहिले 5 पत्ते आवडले नाहीत, तर एकदाच सगळे परत घालून नवे 5 घेता येतात. मग तीच शक्यता 51 टक्क्यांच्या पुढे जाते. आणि कॅट 45 ऐवजी 50 पत्त्यांचा केला, तर पहिल्या हातात आवडता पत्ता येण्याची शक्यता 30 वरून साडेसत्तावीस टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून पुष्कळ रनर 45 च पत्ते ठेवतात. कंपनीवाले मात्र पुष्कळदा 49 घेतात. का? ओळखा पाहू! गुणांच्या योजना तेवढ्याच ठेवून पत्ते वाढवले, की चोराच्या हाती योजना लागायची शक्यता कमी होते.

पालकांसाठी चार शब्द

पत्ते म्हटलं की अनेक घरांत कपाळाला आठी पडते. पैसे लावून खेळणं वाईट, यात वाद नाही. या खेळात पैसे लावायचे नसतात. खर्चाचं म्हणाल, तर 1996 च्या नेटरनरच्या पाकिटांत कुठले पत्ते निघतील ते ठाऊक नसायचं. ज्याच्या खिशात जास्त, त्याचा कॅट बळकट. 2012 पासून ठरलेल्या पत्त्यांचे संच मिळू लागले, सगळ्यांना सारखे. मूळ प्रकाशकांनी 2018 मध्ये खेळ बंद केला, तेव्हा खेळणाऱ्यांनीच स्वयंसेवी संस्था काढून तो जिवंत ठेवला. 2022 पासून तिचं नाव 'नल सिग्नल गेम्स' आहे. ही संस्था आपले पत्ते घरी छापून घेण्यासाठी फुकट देते. पत्ते इंग्रजीत आहेत आणि खेळ थोरल्या मुलांचा आहे. धाकट्यांना एक्क्यांचा प्रयोग पुरे.

आणि एक विनंती. 10 डावांवरून कॅटाची परीक्षा होत नाही, हे आपण नाण्यानं पाहिलं. मग दोन घटक चाचण्यांवरून मुलाला 'ढ' ठरवायची घाई आपण का करतो? चाचणीच्या दिवशी ताप असेल, रात्रभर वीज नसेल, ओढ्याला पूर आल्यामुळे आठवडाभर वाडीवरून शाळेत येता आलं नसेल. वहीत नुसते गुण नकोत, ते कसे आले हेही हवं.

त्या मुलीला मी काय उत्तर दिलं? म्हटलं, "दोन डावांवरून मला नाही सांगता येणार. आणखी खेळ, जोडीदार बदल आणि लिहून ठेव." तिनं वही आखली आहे. तुम्हीही आखा. 20 वेळा पत्ते उचलून तुम्हाला किती वेळा एक्का आला ते बाईंना, गुरुजींना सांगा आणि सगळ्या वर्गाची बेरीज फळ्यावर मांडा!