फोन हातात, परवाना दुसरीकडे
लेखमाला : यंत्र कुणाचं? (भाग 7)

2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविका सरकारने दिलेले मोबाइल घेऊन प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि ते परत करून आल्या. दोन तक्रारी होत्या. फोन चालत नाही, आणि त्यातलं ॲप वाचता येत नाही. गेल्या भागात आपण फोन दुरुस्त करण्याच्या हक्काबद्दल बोललो. आज प्रश्न त्याच्या आधीचा आहे. फोन कसा चालायचा, त्यात काय असायचं, हे ठरवतं कोण? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्याचं उत्तर जितकं उघडं दिसतं, तितकं पुण्या-मुंबईत दिसत नाही.

हे फोन 2019 च्या सुमाराचे, 2 जीबी रॅमचे. रॅम म्हणजे फोनची कामाची जागा. त्यातला मोठा भाग अँड्रॉइड स्वतःच व्यापतं. उरलेल्या जागेत केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचं पोषण ट्रॅकर हे ॲप चालवायचं. 1 मार्च 2021 ला ते सुरू झालं. ॲपची दर नवी आवृत्ती आधीपेक्षा जड असते, फोन मात्र तोच राहतो. मग तो तापतो, हँग होतो, भरलेली माहिती अडकते. दुरुस्तीचा खर्च अनेकींनी स्वतःच्या मानधनातून केला. 2023 च्या अर्थसंकल्पात 10,000 रुपये होईपर्यंत हे मानधन महिन्याला 8,325 रुपये होतं.

भाषेचा जाच याहून मोठा होता. भामरागड किंवा एटापल्लीतली सेविका आयांशी माडियात बोलते, रजिस्टर मराठीत लिहिते, आणि माहिती तेव्हा भरावी लागायची ती इंग्रजी पडद्यावर. मूल तिला माहीत असायचं, त्याचं वजन तिनेच केलेलं असायचं, तरी ते नोंदवायला घरातल्या शिकलेल्या पोराला शेजारी बसवावं लागायचं. या अडाणीपणाचा दोष सेविकेचा नाही, ॲप बनवणाऱ्याचा आहे. इथे मराठीसुद्धा बऱ्याच घरांत दुसरी भाषा आहे. गोंडीसाठीची मसराम लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली, म्हणजे जगभरच्या यंत्रांनी ती ओळखावी अशी सोय झाली. पण लिपीचे फॉन्ट फोनच्या मूळ प्रणालीसोबत येतात. कंपनीने ज्या फोनचं अपडेट थांबवलं, त्यावर ती अक्षरं रिकामे चौकोन होऊन दिसतात.

आता या फोनचा मालक कोण ते पाहा. विकत घेतला सरकारने, घडवला एका कंपनीने, प्रणाली दुसऱ्या कंपनीची, ॲप दिल्लीच्या मंत्रालयाचं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक चांगली तरतूद आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही तो ग्राहक मानतो. पण फोनला अपडेट किती वर्षं मिळावं, ॲप कोणत्या भाषेत असावं, याबद्दल तो कायदा बोलत नाही. आणि ओझं वाढतच चाललं आहे. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ॲपवर जुळवणं सक्तीचं झालं. टॉवर नसलेल्या पाड्यावर फोनने दगा दिला, तर अडतो तो गरोदर बाईचा आणि तान्ह्या लेकराचा आहार.

फोन स्वतःच्या पैशाने घेतला तर ताबा मिळतो का? भारतातले बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. फोन बनवणाऱ्यांनी गूगलच्या ॲप्सचा अख्खा संच आधीच भरून द्यावा, शोधपट्टी पहिल्या पडद्यावर ठेवावी, असे करार होते. 20 ऑक्टोबर 2022 ला भारतीय स्पर्धा आयोगाने त्याबद्दल गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. आधीच भरलेली गूगलची ॲप्स ग्राहकाला काढून टाकता यावीत, प्ले स्टोअरबाहेरून ॲप घ्यायला आडकाठी नसावी, असेही आदेश दिले. 29 मार्च 2023 ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हे दोन आदेश धरून चार आदेश रद्द केले. दंडाचा आकडा मथळ्यांत गाजला. वापरणाऱ्याच्या हाती थेट काही देणारे हे दोन आदेश गळाले, त्याची चर्चा फारशी झाली नाही. मला ते फार सलतं.

कारण प्ले स्टोअरबाहेरचं ॲप ही शहरात हौस असेल, इथे ती गरज आहे. रेंज नसलेल्या गावात गाणी, व्हिडिओ, ॲप्स या फोनमधून त्या फोनमध्ये जातात. आठवडी बाजारात मेमरी कार्ड भरून मिळतं. शेजारच्या बस्तरात सीजीनेट स्वरा या उपक्रमाने गोंडीतल्या बातम्या आणि गाणी ब्लूटूथने गावोगाव पोचवण्याचा 'बुल्टू रेडिओ' याच सवयीवर उभा केला. इंटरनेटशिवाय फाइल देणारी शेअरइट आणि झेंडर ही चिनी ॲप्स त्या काळी सर्रास वापरात होती. 29 जून 2020 ला केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ खाली 59 ॲप्सवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. सुरक्षेची काळजी खोटी नव्हती. पण टिकटॉक गेल्याचा गाजावाजा झाला, आणि टॉवर नसलेल्या गावांचा रस्ता बंद झाला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. काही आठवड्यांत गूगलने स्वतःची फाइल-वाटपाची सोय आणली, म्हणजे सरकारने उघडी केलेली जागा कंपनीने भरली. 2025 च्या ऑगस्टमध्ये गूगलने आणखी एक नियम जाहीर केला. ओळख पडताळलेल्या निर्मात्यांचीच ॲप्स प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसू द्यायची, सुरुवात 2026 मध्ये चार देशांपासून. ओरड झाल्यावर जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं कंपनीने सांगितलं.

वस्तू आपली, पण परवाना दुसऱ्याकडे, हा अनुभव गडचिरोलीला नवा नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागदावर बांबू गावाचा झाला. तो विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे बांबूचा व्यवहार गावाचा झाला. फोनची पावती तुमच्या नावाची असते. परवान्याचं पुस्तक कधी कंपनीकडे असतं, कधी सरकारकडे.

सरकारकडे ते किती सहज जातं, हेही ताजं आहे. 28 नोव्हेंबर 2025 ला दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश काढला, की संचार साथी हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच भरा आणि ते बंद करता येऊ नये याची काळजी घ्या. देशभर विरोध झाला, 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. ॲप उपयोगाचं आहे, चोरीला गेलेला फोन त्यावरून बंद करता येतो. ते काढता येऊ नये, ही अट अयोग्य होती. कंपनीची न निघणारी ॲप्स नकोत म्हणणाऱ्याने सरकारच्या न निघणाऱ्या ॲपलाही नको म्हटलं पाहिजे.

मागायचं काय, ते आता नेमकं सांगता येईल. युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नियम आहे, की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं त्याला प्रणालीचे अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल दिला, आणि फोनला गुण देताना अपडेटही मोजावेत असं सुचवलं. हे गुण खोक्यावर छापणं बंधनकारक व्हावं. पण खोकं दुकानात वाचलं जातं, आणि अंगणवाडीचा फोन दुकानातून येत नाही, निविदेतून येतो. म्हणून अपडेटची वर्षं, रॅमची किमान मर्यादा, मराठी, आणि रेंज नसताना माहिती साठवून नंतर पाठवण्याची सोय या चार अटी खरेदीच्या निविदेतच लिहिल्या गेल्या पाहिजेत. त्यासाठी संसदेत नवा कायदा लागत नाही. महिला व बालविकास विभागाच्या खरेदीच्या फाइलवर ते करता येतं, आणि ती फाइल मुंबईतच असते.